होडीच्या टोकावरचा पांढरा ठिपका

माहीम म्हटलं की लोकांना मुंबईचंच माहीम आठवतं. मग मला दरवेळी सांगावं लागतं की नाही हो, आमचं पालघरचं, केळव्याच्या शेजारचं. तिथल्या आमच्या कोळीवाड्यात माझ्या लहानपणी माणसांचे फोटो काढायची फारशी पद्धत नव्हती. फोटो काढायचा तो होडीचा. नवी होडी पाण्यात उतरायची त्या दिवशी पालघरहून फोटोवाला यायचा, आणि त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली जायची, की होडी अख्खी आली पाहिजे. पुढच्या टोकापासून मागच्या सुकाणूपर्यंत, आणि वर डोलकाठीचं निशाणसुद्धा. माणसं होडीवर उभी राहायची ती होडीला शोभा म्हणून. त्यांचे चेहरे दिसतात की नाही, याची पंचाईत कुणी करत नसे. चेहरे काय, रोजच बघतो की.

आमच्या घरात असा एक फोटो होता. काळापांढरा, पोस्टकार्डाएवढा, नागमोडी कातरलेल्या कडांचा. काचेच्या चौकटीत घालून तो देवांच्या शेजारी टांगलेला असे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बाबांनी स्वतःची पहिली होडी बांधली, तिचा हा फोटो. होडीला बाबांनी आईचं नाव दिलं होतं आणि ते तिच्या अंगावर ठळक अक्षरांत रंगवून घेतलं होतं. अक्षरं फोटोत छान वाचता येतात. सुकाणूपाशी बाबा ताठ उभे आहेत, मध्ये दोन खलाशी आहेत, आणि अगदी पुढे, होडीच्या टोकावर, सगळ्यांपासून जरा सुटी अशी आई आहे.

एरवी आमच्या बायका होडीवर चढत नसत. मासे उतरवायला, वाळवायला, विकायला त्या, समुद्रावर पुरुष. पण नवी होडी उतरवताना घरातल्या सवाष्णीने टोकाची पूजा करायची, नारळ वाढवायचा आणि त्या एका दिवशी होडीतून खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन यायचं, असा आमच्या घरचा रिवाज. म्हणून आई तिथे उभी होती. त्यानंतर पहिल्या थंडीच्या आतच ती गेली. कावीळ झाली आणि हाती लागलीच नाही. मी तीन वर्षांची होते. तिचा दुसरा फोटो नाही. लग्नातला नाही, जत्रेतला नाही, शाळेतला तर प्रश्नच नाही, कारण ती शाळेत गेलीच नव्हती.

आणि या एकुलत्या एका फोटोत तिचा चेहरा म्हणजे एक पांढरा ठिपका. तांदळाच्या कणीएवढा. भोवती केसांचा काळा रंग, मध्ये ती कणी, खाली नऊवारीचा राखाडी आकार. फोटोवाल्याला होडी अख्खी हवी होती ना! आमच्या काठावर इतर होड्यांची गर्दी, मागे जायला जागा नाही, तेव्हा तो छोट्या होडक्यात बसून खाडी ओलांडून पलीकडच्या काठावर गेला, पार झाडांना पाठ लागेपर्यंत मागे सरकला, आणि तिथून त्याने फोटो घेतला. होडी अगदी अख्खी आली. घरात सगळे खूश झाले. कणी कुणाला तेव्हा दिसलीच नाही.

मला मात्र लहानपणभर तेवढीच दिसायची. परीक्षेला जाताना मी देवांना नमस्कार करायची तो उरकल्यासारखा, आणि मग पाटावर चढून त्या कणीला मनापासून. शाळेत विज्ञानाच्या तासाला भिंग मिळालं, तेव्हा बाईंची परवानगी काढून ते एक दिवस घरी आणलं. भिंगातून कणी मोठी झाली, पण तिचा चेहरा काही झाला नाही. मी बाबांना विचारायची, "आई कशी होती?" बाबा जाळं विणत असायचे. मान वर न करता म्हणायचे, "तुज्यागत." झालं. आणखी खोदून विचारलं तर उठून बाहेर जायचे. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, जिने मला वाढवलं, ती जरा तरी बोलायची. रंग उजळ होता, नाक सरळ होतं, हसली की डाव्या गालाला खळी पडायची. पण तुकडे जोडून चेहरा होत नाही. सरळ नाक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आमच्या भूगोलाच्या बाईंचं नाक यायचं आणि खळी म्हटली की शेजारच्या वहिनींची. मला माझी आई हवी होती आणि मिळत होती ती अशी उसनी, चार बायकांची मिळून.

मग मी आरशात बघायची. "तुज्यागत" ना? बघू तर. बराच वेळ बघितलं की स्वतःचाच चेहरा परका वाटायला लागतो, तसं व्हायचं, आणि मी चिडून आरसा पालथा घालायची.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी हट्टच धरला. आमच्याकडे हळदीच्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या फोटोंना आधी हळद लावतात आणि मग नवरीला. मी बाबांना म्हटलं, मी होडीला हळद लावणार नाही. मला आई हवी. आणि चौकट भिंतीवरून उतरवून, पिशवीत घालून मी सरळ पालघरला स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत गेले. तिथला माणूस मोठा उमदा, बोलण्यात कुणाला हार जाणारा नव्हता. निगेटिव्ह कुठे आहे म्हणाला. निगेटिव्ह कुठलं असायला, आमचा फोटोवाला कधीच पालघर सोडून गेला होता. "हरकत नाही," तो म्हणाला, "फोटोचाच फोटो काढतो आणि एन्लार्ज करून देतो. भिंतीवर लावा, घरभर दिसेल."

आठवड्याने गेले तर त्याने भला मोठा कागद उलगडला. धुकं होतं. काळ्या धुक्यात पांढरं धुकं. माझा चेहरा बघून तो म्हणाला, "थांबा, थांबा, अजून फिनिशिंग बाकी आहे." पुढच्या वेळी गेले तेव्हा फिनिशिंग झालं होतं. त्या पांढऱ्या धुक्यावर त्याने बारीक ब्रशने चेहरा काढला होता. कोरलेल्या भुवया, कॅलेंडरवरच्या लक्ष्मीचे असतात तसे लांबट डोळे, इवलेसे ओठ, मधोमध कुंकू. गालावर केसांची एक बटसुद्धा सोडली होती. बाई सुंदर होती यात वादच नाही.

घरी आणून बाबांपुढे धरला. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ही कोन?"

"आई."

"नाय," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे बघून आवाज खाली आणला. "ऱ्हाऊ दे. लगीन हाय घरात."

त्या बाईला हळद लागली. मी तिच्या पाया पडले, पण रडू आलं नाही, आणि सगळ्या बायका माझ्याकडे रडण्याच्या अपेक्षेने बघत होत्या. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तर ती तसबीर माळ्यावर, जुन्या शिडाच्या कापडात गुंडाळून ठेवलेली. भिंतीवर पुन्हा होडी. मनातून मी बाबांवर जळफळत होते. अरे, ही नाही म्हणता, तर मग कशी होती ते सांगा ना. एवढा संसार केलात तिच्याबरोबर, चार वाक्यं नाहीत तुमच्याकडे?

लग्नानंतर मी बोईसरला आले. नवरा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, आणि काही वर्षांनी मीही तिथल्याच एका कंपनीच्या ऑफिसात टायपिंगला लागले. बोईसरचा रंग वेगळा. माहीमला सकाळी वास येतो तो मासळीचा आणि वाडीतल्या फुलांचा. इथे वारा फिरला की कसला वास येईल ते त्या त्या कारखान्यावर. रस्त्यावर मराठीपेक्षा हिंदी जास्त ऐकू यायची. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं आणि आमच्या ऑफिसात टाइपरायटर हटवून कॉम्प्युटर येणार, अशी कुजबुज सुरू झाली होती. मी तर घाबरूनच होते.

अशात कंपनीच्या कामासाठी मला बाजारातल्या एका डीटीपीच्या दुकानात वरचेवर जावं लागे. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड, झेरॉक्स, लॅमिनेशन, सगळं एका गाळ्यात. दुकानवाला उत्तरेकडचा, हिंदी-मराठीची खिचडी बोलणारा, आणि आपल्या कॉम्प्युटरचा त्याला इतका अभिमान की आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या. एके दिवशी मी लेटरहेडची वाट बघत बसले होते आणि त्याने कुणाचातरी पासपोर्ट फोटो एका सपाट पेटीच्या काचेवर पालथा ठेवला. झाकण लावलं. फटीतून प्रकाशाची पट्टी हळूहळू सरकताना दिसली, आणि मग तो माणूस पडद्यावर हजर. दुकानवाल्याने काहीतरी दाबलं तसा तो मोठा झाला, आणखी मोठा झाला, नुसते डोळेच पडद्यावर भरले.

लेटरहेड न घेताच मी उठले.

त्याच रविवारी माहीमहून चौकट घेऊन आले. बाबांना काही सांगितलं नाही. सोमवारी कंपनी सुटल्यावर दुकानात गेले आणि त्या कणीवर बोट ठेवून म्हटलं, "ही माझी आई. मला हिचा चेहरा पाहिजे."

"क्यों नहीं! कम्प्यूटर है, मॅडम," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी त्याने अख्खा फोटो स्कॅन केला आणि मोठ्या कागदावर आईपुरता भाग छापून दिला. कागदावर चौकोन होते. राखाडी, काळे, पांढरे, फरशीचे तुकडे बसवावेत तसे. लांबून बघा, जवळून बघा, डोळे किलकिले करून बघा, चौकोनच. "फोटो पुराना है, मॅडम," तो म्हणाला. मला अशी तिडीक आली! "फोटो जुना आहे, तुमचा कॉम्प्युटर तर नवा आहे ना?" मी म्हटलं. तेव्हा कुठे तो जरा नरमला आणि पडदा माझ्याकडे वळवून म्हणाला की बघा, मशीन फोटोचे ठिपके करतं. एका इंचात किती ठिपके करायचे ते आपण सांगायचं. त्याने कमी सांगितले होते, पडद्यावर बघायला तेवढे पुरतात, पटकन होतं. जास्त सांगितले की वेळ लागतो, फाइल फुगते, मशीन अडकतं.

हे मला कळायला अवघड गेलं नाही, कारण मी जाळं विणणाऱ्याची मुलगी. पापलेटच्या जाळ्याचे डोळे मोठे असतात. त्यातून जवळा सगळा निसटून जातो. जवळा हवा तर बारीक डोळ्यांचं जाळं टाकायचं. हा पठ्ठ्या पापलेटचं जाळं टाकून माझ्या आईला पकडायला निघाला होता. मी म्हटलं, "बारीक करा."

दुसऱ्या वेळी त्याने इंचाला तीनशे ठिपके केले. पत्रिका छापताना एवढेच वापरतो, म्हणाला, यापेक्षा जास्त लागतच नाहीत. आणि खरंच, होडी काय दिसली! आईच्या नावातलं प्रत्येक अक्षर, त्याच्या कडेला रंगाऱ्याने काढलेली नाजूक रेघ, निशाणाच्या चुण्या, बाबांच्या मिश्या. बाबा एवढे देखणे होते हे मला माहीतच नव्हतं. त्यांची हनुवटी वर होती, छाती पुढे, नजर थेट कॅमेऱ्यात. मी बराच वेळ बाबांकडेच बघत राहिले. मग दुकानवाला पडद्यावर होडीच्या टोकाकडे सरकला, आणि तिथे कणीचा नुसता कवडीएवढा पांढरट डाग झाला होता. अक्षरं मोठी होती म्हणून आली. आई बारीक होती म्हणून राहिली.

"अजून बारीक," मी म्हटलं.

तो कुरकुरला. पण एव्हाना त्यालाही ईर्षा चढली होती. त्याच्या स्कॅनरला इंचाला बाराशे ठिपके करता येत होते, पण ते त्याने कधी केलेच नव्हते. अख्खा फोटो तसा घ्यायला गेला तर मशीन मान टाकेल, म्हणून फक्त आईचा तुकडा घ्यायचा ठरलं. मी अर्ध्या दिवसाची रजा काढली. एकदा दिवे गेले आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. ती प्रकाशाची पट्टी इतकी हळू सरकत होती की मला वाटलं, ही आता आईला शोधत शोधत चालली आहे. तिशीला टेकलेली बाई मी, दोन मुलांची आई, आणि त्या बाकावर बसून मी मनात म्हणत होते, ये ग, एकदाच ये.

स्कॅन झालं. "अब देखना, बड़ा निकालता हूँ," म्हणत त्याने मोठा कागद घातला, आणि पुन्हा धुकं बाहेर आलं. स्टुडिओतल्यासारखंच. तो स्वतःशी पुटपुटत बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला की ठिपके तर तेवढेच आहेत, मॅडम, कागद मोठा घेतला म्हणून वाढत नाहीत, पसरतात नुसते. छोटं करून बघू.

मग आम्ही उलट्या दिशेने निघालो. इतकी वर्षं मी आईला मोठं करायला धडपडत होते, आता लहान करायला लागलो. अर्धा कागद केला, धुकं जरा आवळलं. पोस्टकार्ड केलं, खांदे दिसले. पासपोर्ट केला, पदराचा काठ आला. शेवटी त्याने चकचकीत कागद घातला आणि आगपेटीएवढं चित्र छापलं. ते मात्र घट्ट होतं. काळा काळा, पांढरा पांढरा, कडा जागच्या जागी. त्याने ते माझ्या हातात देण्याआधी स्वतः बघितलं. "मॅडम," तो अडखळत म्हणाला, "ये चेहरा नहीं लगता."

मी बघितलं. पांढरा ठिपका ठिपका नव्हताच. ते कडं होतं. पांढरं, खडबडीत, गोल कडं, आणि त्याच्या मध्ये काळं. डोळे नाहीत, नाक नाही, काही नाही. मशीनने घोळ घातला असं मला वाटलं. मी तसं त्याला सुनावलंही, बिचाऱ्याला. आगपेटीएवढा तो कागद पर्समध्ये टाकला आणि घरी जाऊन भाकऱ्या थापत बसले.

पुढच्या रविवारी चौकट परत करायला माहीमला गेले. अंगणात आत्या बोंबील काठीवर टाकत होती. बाबा ओसरीवर बसून जाळ्याची फाटलेली बाजू सांधत होते. मोतीबिंदूमुळे नजर अधू झाली होती, पण बोटं आपलं काम करत होती. मी सगळी हकिकत सांगितली. बारीक जाळ्याचं ऐकून बाबा हसले. "जालं कितीबी बारीक कर, बाय, पान्यात मासली नसंल त काय गावनार?" म्हणाले. मी पर्समधून तो कागद काढून आत्याकडे दिला. तिने ओले हात लुगड्याला पुसले, कागद उन्हात धरला, आणि बघताक्षणी म्हणाली, "ह्यो त माजा गजरा!"

"कुठला गजरा?"

"आग, जाईचा. आपल्याच वाडीतल्या कल्या. होडीच्या पूजेला म्हनून सकालपासून बसून मीच विनला, नि मीच तिच्या आंबाड्याला गुंडालला. ह्यो बग आंबाडा." तिने मधल्या काळ्यावर करंगळी टेकवली.

मला काही सुधरेना. अंबाडा दिसतोय म्हणजे पाठ आहे. सगळे कॅमेऱ्याकडे बघत असताना आई पाठ करून कशाला उभी राहील?

आत्या खाली बसली. "तू रडत होतीस," ती म्हणाली. "ते सांगितलंय की मी तुला. ती होडीवर चढली नि तू जो टाहो फोडलास! तुला वाटलं, गेली. मी तुला कडंवर घेऊन काठाला हुबी, तू हातात ऱ्हाईना. होडी सुटली नि तिनं मागं वलून बगितलं. अख्खीच वलली. हात हालवत होती तुला."

"पण फोटो तेव्हा काढला, हे कधी बोलली नाहीस."

"मला काय ठावं? मी तुला गप करू का फोटोवाला बगू? तो कुठला कुठं, पल्याड."

तेवढ्यात ओसरीवरून बाबा बोलले. जाळं मांडीवर ठेवून दिलं होतं त्यांनी. "वरडत होता तो," ते म्हणाले. "वयनी, हिकडं बगा, हिकडं. मी पन तिला बोललो, आगं, तिकडं बग. नि मी कॅमेऱ्यात बगितलं." मग म्हणाले, "मला वाटलं, वलली आसंल ती."

रडणं आत्याला ठाऊक होतं, ओरडणं बाबांना. दोघं एका घरात राहत होते, आणि इतक्या वर्षांत या दोन गोष्टी कधी शेजारी बसल्या नव्हत्या. फोटो आला तेव्हा होडी अख्खी आहे ना, एवढंच सगळ्यांनी बघितलं होतं.

मग आत्याच्या काहीतरी लक्षात आलं आणि ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. "म्हंजे त्या ष्टुडिओवाल्यानं माज्या गजऱ्याला डोले काडले!" आणि मलाही हसू फुटलं. माझ्या लग्नात मी गजऱ्याला हळद लावली होती. परीक्षेला जाताना गजऱ्याला नमस्कार केले होते. कोरलेल्या भुवया, इवलेसे ओठ, कुंकू, सगळं जाईच्या कळ्यांवर. आम्ही दोघी हसता हसता पार वाकलो, आणि माझं हसू कधी बदललं ते मला कळलं नाही. आत्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याला बोंबलांचा वास येत होता.

बाबांनी कागद मागितला. डोळ्यांशी अगदी नाक टेकेल इतका जवळ नेला, मग उजेडाकडे वळवला. मी मनाची तयारी केली होती, आता म्हणतील "ही कोन?" पण त्यांनी अंगठा त्या अंबाड्यावरून एकदा हळूच फिरवला आणि म्हणाले, "हीच."

मी काही विचारलं नव्हतं. तेच बोलत राहिले, इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. होडी काठाला लागली की आई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन पुढे निघायची, बाजार गाठायचा असायचा तिला, आणि ते मागून जाळी खांद्यावर टाकून चालायचे. रोज. मान अशीच, एका बाजूला किंचित कललेली. "मी तिला अशीच लय बगितली," बाबा म्हणाले. "तोंड आठवाया गेलो त कदी कदी माजंबी चुकतं. ही नाय चुकत."

म्हणजे त्यांच्याकडेही नव्हता तो चेहरा. "तुज्यागत" म्हणून उठून जायचे ते यासाठी. इतकी वर्षं मी त्यांच्यावर राग धरून होते, आणि ते माझ्यासारखेच रिकाम्या हातांनी बसलेले होते.

तो आगपेटीएवढा कागद त्यांनी परत दिला नाही. माझ्यासाठी मी बोईसरहून आणखी एक छापून घेतला. दुकानवाल्याने सवयीने विचारलं, "साइज?" मी म्हटलं, तेवढाच, त्यापेक्षा केसभरही मोठा नको. तो माझ्या कपाटात, साड्यांच्या घडीत आहे. आता माझ्या मुली म्हणतात, आई, आता केवढी नवी मशिनं निघालीत, पुन्हा स्कॅन करून बघू या. मी नको म्हणते. तिच्या पाठीत आता आणखी काय शोधायचं?

चेहरा तिचा त्या दिवशी होता, आणि तो पलीकडच्या काठाकडे नव्हता, आमच्या काठाकडे होता. फोटोवाला ओरडत होता, नवरा सांगत होता, तरी तो वळला नाही. जगात एकाच माणसाकडे तो बघत होता, आणि ते माणूस मी होते. कधी दुपारी एकटी असले की मी डोळे मिटून त्या काठावर जाऊन उभी राहते. आत्याची कड, खाडीचा वास, होडी लांब जाते आहे, जाईचा गजरा घातलेली एक बाई वळते, हात हलवते. इथपर्यंत सगळं नीट येतं. मग मी तिच्या चेहऱ्याकडे बघते आणि तिथे नुसतं चमकणारं पाणी असतं. मी रडत होते ना. डोळ्यांत एवढं पाणी असताना मला ती धड दिसली तरी असेल का?